आधी प्रिंट, मग पेन्सिल

श्रोतेहो, नमस्कार. 1950 साली लंडनमध्ये अँगस मॅकबीन या छायाचित्रकाराने एका विशीतल्या नर्तकीचे कृष्णधवल छायाचित्र काढले, ज्यात ती छातीपर्यंत वाळूत रुतल्यासारखी दिसते आणि शेजारी प्राचीन धाटणीचे खांब उभे आहेत. जाहिरात होती लॅक्टो कॅलामाइनची. होय, आपल्या आरशापाशी असते तेच. त्वचेची जाहिरात म्हणून खांदे उघडे ठेवले आहेत, पण आपली नजर खिळते ती तिच्या डोळ्यांवर. ती ऑड्री हेपबर्न. 1954 साली तिला ऑस्कर मिळाले. मात्र हे छायाचित्र निघाले तेव्हा त्या चेहऱ्यात उद्याची नटी शोधायला कोणी बसले नव्हते.

असाच एक चेहरा मी परभणीत पाहिला. 1978 च्या उन्हाळ्यात मी तिथल्या एका स्टुडिओत उमेदवारी करीत असताना गणपतीतली नाटके गाजवणारा एक तरुण आईला घेऊन आला. त्याला फोटो मुंबईला धाडायचा होता आणि आईला तोच स्थळांसाठी हवा होता. गालांवर देवीचे वण होते. दिवे लावले आणि वीज गेली. मालकांनी त्याला दाराशी स्टुलावर बसवले आणि सावलीकडच्या गालावर उजेड परतावा म्हणून मला धुतलेले धोतर ताणून धरायला लावले. बाजूच्या उजेडाने वण अधिकच उठले. निगेटिव्ह वाळल्यावर मालकांनी पेन्सिल उचलली, तसा तो म्हणाला, "काका, काही पुसू नका. मुंबईला मीच जाणार हाय."

आई म्हणाली, "आन् पोरीवाल्यांकडं कोण जाणार हाय?"

मालकांनी तोड काढली: आधी प्रिंट, मग पेन्सिल. कागदावर काळा दिसणारा वण निगेटिव्हवर फिकट असतो. त्यावर शिशाचा हलका हात फिरवला की कागदावर तेवढी जागा उजळते. म्हणून क्रम ध्यानात ठेवावा, आधी प्रिंट, मग पेन्सिल. (रंगीत फोटो आल्यापासून लोक चेहऱ्याऐवजी शालूचा रंग पाहतात, असे माझे जुने म्हणणे आहे, घरात ते कोणालाही पटत नाही.)

मुंबईहून उत्तर आले नाही. पेन्सिलीच्या फोटोवर मात्र दोन महिन्यांत लग्न जमले. मांडवात मुलीच्या मामांनी आधी नवरदेवाकडे निरखून पाहिले, मग गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता पानाचे तबक पुढे केले.