हेक्टरी शिफारस आणि पंधरा लिटरचा पंप

(नागपुरात कृषी पदवीचे विद्यार्थी आणि नव्याने रुजू झालेल्या कृषी सहायकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, नागपूरला शेती संशोधनाची वानवा नाही. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची संस्था आणि मृदा सर्वेक्षणाचं ब्युरो आहे, १९०६ सालचं कृषी महाविद्यालय तर ऐन शहरात आहे. तरीही काटोलचा संत्रावाला किंवा हिंगणघाटचा कापूसवाला अडचण आली की आधी गाठतो ते गावातलं कृषी केंद्र. दुकान रात्री आठलाही उघडं असतं, उधारी चालते, आणि मालक दोन शब्दांत सांगून मोकळा होतो, 'पंपाला दोन झाकणं टाक.'

आपण काय सांगतो? हेक्टरी इतके मिली, पाचशे लिटर पाण्यातून. समोरचा मान डोलावतो आणि कार्यक्रम संपल्यावर हळूच विचारतो, 'ते सारं बरोबर हाय साहेब, पण माह्या पंपात किती टाकू?' हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याच्याजवळ तीन एकर वावर आहे, पाठीवर पंधरा लिटरचा पंप आहे. हेक्टरपासून पंपापर्यंतचं गणित आपण त्याच्यावर सोडून दिलं. मग ते दुकानदार करून देतो आणि सोबत टॉनिकची एक बाटलीही खपवतो. बरं, झाकणसुद्धा प्रत्येक बाटलीचं वेगळ्या मापाचं. हातपंपाला एकरी पाणी जास्त लागतं, पेट्रोलच्या पंपाला बरंच कमी. मग दोन्हींना तेच झाकण कसं चालेल? शिफारस लिहिताना पंपाच्या मापाची ही शेवटची ओळ आपणच लिहायची. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डोक्याच्या वर गेलेली, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, तोंडावर फार तर दुपट्टा. औषध कोणतं, याइतकंच ते कसं मारायचं आणि कधी मारायचं नाही, हेही सांगायचं असतं.

त्याच वर्षी कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या गुलाबी बोंडअळीनं विदर्भ झोडपला. बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला बीटी कापूस आला २००२ मध्ये, दोन जनुकांचा २००६ मध्ये. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं छोटं पाकीट यायचं. ते वावराच्या कडेनं पेरायचं होतं. किती जणांनी पेरलं? कुणी तुटाळ्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरलं, कुणी ढोरांपुढे टाकलं. शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण 'कडेला पाच ओळी लावा' एवढंच छापलं होतं, का लावा ते त्याला कुणी समजावून सांगितलं नाही. कारण असं, की बीटीला न जुमानणारा बोंडअळीचा एखादा पतंग निपजतोच. कडेच्या साध्या पऱ्हाटीवर साधे पतंग भरपूर वाढले, तर त्याची गाठ त्यांच्याशी पडते आणि पुढच्या पिढीत तो चिवटपणा पातळ होतो. साधे पतंगच नसतील तर चिवटाला चिवट मिळतो. सोयरिकीची ही भाषा गावात एका बैठकीत कळते. आता ते बियाणं एकाच पाकिटात मिसळून येऊ लागलं आहे, म्हणजे समजवायचं काम आपण टाळलं ते टाळलंच.

ही अळी बाहेरून दिसत नाही, आणि इथेच शेतकरी फसतो. अळी बारीक असतानाच बोंडात शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. बोंड हिरवंगार, टणक. वावरात उभं राहून 'यंदा काही नाही' असं वाटतं. म्हणून भाषण कमी करा आणि चाकू काढा. वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडायला लावा, त्याच्याच हातानं चिरायला लावा. दोन बोंडांत अळी निघाली की नुकसान दहा टक्के झालं, हे त्याला टक्केवारी न शिकवता कळतं. त्याआधीची खूण म्हणजे डोमकळी. फूल उमलत नाही, पाकळ्या वरून पिळून एकमेकींना चिकटलेल्या असतात, सोडवून पाहिल्या की आत अळी. अशी फुलं वेचून नष्ट करायला पैसा लागत नाही.

मादीच्या वासाच्या गोळीनं नर पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांचं तर विचारूच नका. अनुदानातले सापळे बांधावर रांगेनं लटकलेले असतात, फोटो निघालेले असतात, आणि आतली गोळी कधीचीच वाळून गेलेली असते. निरीक्षणासाठी एकरी दोन सापळे पुरतात. गोळी तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते आणि पतंग रोज मोजावे लागतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग, ही धोक्याची पातळी. मोजायचंच नसेल तर सापळा म्हणजे वावरातलं तोरण.

सोयाबीनचं थोडक्यात सांगतो. घरचं शंभर दाणे बियाणं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा; सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पेरा, कमी उगवले तर त्या मानानं बियाणं वाढवा, फारच कमी उगवले तर ते पेरूच नका. २०२० मध्ये राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा ज्यांनी आधी गोणपाट भिजवलं होतं, त्यांना निदान बियाण्याचा दोष की पेरणीचा, एवढं तरी सांगता आलं.

ज्ञान फक्त वरून खाली येतं असं मात्र डोक्यात घेऊ नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली स्वतःच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडल्या, वेगळ्या जपल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या. त्यातून आला एचएमटी तांदूळ. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव त्याला व्यापाऱ्यानं दिलं. जमीन जेमतेम दीड एकर आणि शिक्षण तिसरीपर्यंत असलेल्या माणसाचं वाण पूर्व विदर्भभर पसरलं, विद्यापीठाला पुढे त्याची दखल घ्यावी लागली. दादाजी २०१८ मध्ये गेले, आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत. तुमच्या सर्कलमध्येही कुणीतरी चार लोंब्या बाजूला काढून ठेवत असेल. त्याचं नाव तुमच्या डायरीत आहे का, हे मी आज विचारणार नाही, पुढच्या वर्षी विचारीन.

तोवर एक काम करा. हवामानाचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो जसाच्या तसा व्हॉट्सॲपवर ढकलू नका, अर्धे लोक तो उघडतही नाहीत. त्यातून तुमच्या गावाला, त्या आठवड्याला लागू असलेल्या दोनच गोष्टी काढा. पंपाचं माप घाला. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि कृषी केंद्राच्या दारावर खडूनं लिहा. हो, कृषी केंद्राच्याही. दुकानदाराशी वैर धरून काम होत नाही. आणि त्याखाली गावातल्या सापळ्यांत काल किती पतंग सापडले तो आकडा लिहा. आकडा ज्याच्या वावरातला असेल, त्याच्याच हातानं.