अमेरिकेचं सिव्हिल वॉर शिकवताय? आधी विचारा, कसला हक्क?

नमस्कार! सहावी ते आठवीच्या मुलांना इतिहास शिकवणाऱ्यांसाठी आजचा व्हिडिओ आहे, विषय अमेरिकेचं यादवी युद्ध, १८६१ ते १८६५.

बघा, आपण काय करतो, फळ्यावर नकाशा काढतो, उत्तर एका रंगात, दक्षिण दुसऱ्या, मग फोर्ट समटर, गेटिसबर्ग या लढाया, सेनापतींची नावं, पेपरात तारखा लिहिल्या की झालं. पण युद्ध का झालं हे विचारलं की अर्धा वर्ग म्हणतो, "राज्यांच्या हक्कांसाठी." इथे थांबायचं आणि विचारायचं, कसला हक्क? काय करायचा हक्क?

याचं उत्तर आपण द्यायचंच नाही, ते दक्षिणेच्या कागदांतच आहे. लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि महिन्या-दीड महिन्यात दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना हे राज्य देशातून बाहेर पडलं, का पडलो याचा जाहीरनामाच काढला त्यांनी. त्यात तक्रार काय, तर उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, त्याच्या आड येणारे कायदे करतात! म्हणजे उत्तरेतली राज्यं आपला हक्क वापरत होती आणि राग त्याचाच होता. दक्षिणेतल्याच मिसिसिपी राज्याने तर सरळ लिहिलं की आमचं सगळं गुलामगिरीशी जोडलेलं आहे. दोन-दोन ओळी सोप्या भाषेत करून द्या, बारा वर्षांच्या मुलाला नीट कळतं, मुलांना कमी समजू नका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, गुलामांच्या लिलावाचं नाटक वर्गात करू नका, प्लीज. कुणाला तरी विकली जाणारी वस्तू व्हावं लागतं आणि ते त्या मुलाच्या मनात राहतं.

त्यापेक्षा सुझी किंग टेलरची गोष्ट सांगा. १८४८ चा जन्म, जॉर्जियात, गुलामगिरीतच. गुलामांना वाचायला शिकवणं तिथे गुन्हा होता, म्हणून सव्हानामध्ये ही पोरगी पुस्तक कागदात गुंडाळून, कुणाला दिसू नये म्हणून, एका बाईंच्या घरी चोरून शिकायला जायची. १८६२ मध्ये काकांच्या कुटुंबाबरोबर पळाली, उत्तरेच्या सैन्याकडे पोचली आणि तेरा-चौदाव्या वर्षी स्वतःच मुलांना शिकवायला लागली, रात्री मोठी माणसंही यायची शिकायला. तुमच्या वर्गातल्या मुलांच्याच वयाची! तेव्हा देशात जवळपास ४० लाख माणसं गुलामगिरीत होती, हा आकडा सुझीच्या गोष्टीनंतर सांगा, आधी नको, आधी सांगितला तर तो नुसता आकडा राहतो.

लढाया एका तासात उरका, फक्त एवढं सांगा की गोळ्यांपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मेले.

आणि लिंकनच्या गुलाममुक्तीच्या घोषणेपाशी घाई करू नका. १ जानेवारी १८६३ ची ही घोषणा फक्त बंड केलेल्या भागांसाठी होती, केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरी असलेली पण देशातच राहिलेली राज्यं त्यातून वगळली होती. लिंकनने असं का केलं असेल, हे मुलांनाच नकाशा बघून शोधू द्या. मग सांगा की केंटकी आणि डेलावेअरमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला त्यानंतर आठ महिन्यांनी. एवढं ऐकलं की हात वर होतात, "पण मॅडम, मग..." असं सुरू होतं, ते होऊ द्या, तास तिथेच संपला तरी चालेल.