सतारमेकर गल्ली ते विसर्जन मार्ग

मिरज. सतारमेकर गल्ली. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा कानस. जवारी, म्हणजे तारेचा तो भरीव, घुमणारा नाद, लागली की नाही, हे त्याचा कान ठरवतो. शेजारच्या मोबाइलवर आवाज मोजणारं अ‍ॅप सुरू आहे. त्याला सूर कळत नाही, फक्त पन्नास डेसिबलच्या आसपासचा आकडा दिसतो.

तोच मोबाइल आता सांगली-मिरज रस्त्यावर. वडाप, एसटी, सायलेन्सर बदललेली बुलेट. आकडा ऐंशीवर. फरक तीसचा, पण ध्वनीची तीव्रता हजारपट, कारण दर १० डेसिबलला ती दहापट होते.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. दवाखान्यांसारख्या ठिकाणांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. मिरज तर दवाखान्यांचं गाव. आकडाच धरून बसलं, तर रात्री दवाखान्याशेजारी तंबोराही नापास!

पण फोनवर विश्वास किती ठेवायचा? त्याचा माइक बोलण्यासाठी बनवलेला. डॉल्बीच्या भिंतीसमोर तो लवकर हात टेकतो, आवाज वाढला तरी आकडा वाढत नाही. अँड्रॉइडची मॉडेलं असंख्य, प्रत्येकाचा माइक वेगळा. एकाच चौकात दोन फोन दोन आकडे सांगतात. शिवाय बहुतेक अ‍ॅप ‘ए’ भारांकनाने, म्हणजे माणसाच्या कानाला जुळणाऱ्या पद्धतीने, मोजतात. त्यात खर्जाचा आवाज कमी धरला जातो. तावदानं थरथरतात, छातीत धडधडतं, आणि अ‍ॅप त्यातलं बरंच सोडून देतं. अ‍ॅपमध्ये खर्जही जवळपास पूर्ण धरणाऱ्या ‘सी’ भारांकनाचा पर्याय असेल, तर विसर्जनाच्या रात्री तोही लावून बघावा.

कव्हर काढा, माइकवर बोट नको, वारा टाळा. क्षणाचा सर्वाधिक आकडा सोडून काही मिनिटांची सरासरी घ्या.

मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल, तर नियमांनुसार तक्रार करता येते. पडद्यावर ६० दिसले, तर फोनच्या भरवशावर भांडू नये. पण घरासमोर ९५ दिसत असतील, तर फोन पाच-सातने चुकला तरी काय बिघडलं? ११२ नंबर लावा. पोलिसांचा ध्वनिमापक ९४ डेसिबलच्या ठरावीक स्वरावर जुळवून घेतात. कारवाईला आधार त्याच्या नोंदीचा. तो येईपर्यंत मिरवणूक पुढच्या चौकात गेलेली नसली म्हणजे झालं.