चार वाजताची खिडकी

(नागपूर, मे महिना. रिकामा रस्ता, अर्धी शटरं खाली, कुठून तरी कूलरची घरघर.)

दुपारचे चार वाजलेत. मे महिन्यात या वेळी नागपुरात कुणी कुणाच्या घरी जात नाही, पण आम्ही कॅमेरा घेऊन आत्याकडे आलोय, तिसरा मजला, बेडरूम पश्चिमेला, तिथल्या खिडकीच्या काचेला ऊन अडवणारी फिल्म लावायचीये. 2013 च्या मे मध्ये इथं पारा 47.9 वर गेला होता, आठवतं का विचारलं तर आत्या म्हणते, मला तं दरवर्षी तसंच वाटते.

खिडकी साधीच आहे. 4 बाय 4 फूट, अॅल्युमिनियमची स्लायडिंग, प्लेन काच, आणि काचेवर आतून सेलोटेपनं चिकटवलेले जुने पेपर. पेपर पिवळे पडून पापडासारखे कडक झालेत, जिथं फाटलेत तिथून आलेला उन्हाचा पट्टा थेट फरशीवर, आणि त्या पट्ट्यावर अनवाणी पाय ठेवला की लगेच उचलावा लागतो.

आता जरा हिशोब करू. ही खिडकी म्हणजे साधारण दीड चौरस मीटर काच. चार वाजता सरळ ऊन येतं तेव्हा हिच्यातून अंदाजे सातशे-साडेसातशे वॅट उष्णता आत शिरते. घरातली साधी इस्त्री साधारण तेवढ्याचीच असते. म्हणजे बेडरूममध्ये इस्त्री चालू करून ठेवलीये, बंद करायचं बटण नाही, आणि वर आपण म्हणतोय पंखा गरम हवा का फेकतोय बाप्पा.

मग दक्षिणेच्या खिडकीचं काय? काही नाही, तिला सोडा. नागपूर 21 अंश अक्षांशावर, 26 मेच्या आसपास इथं शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तोही त्याच सुमारास लागतो. डोक्यावरचा सूर्य स्लॅब तापवतो, दक्षिणेच्या काचेला त्याचं ऊन फारसं लागत नाही. काचेचा खरा वैरी दुपारनंतरचा, खाली उतरलेला सूर्य. छज्जा दीड फुटाचा, चारला त्याची सावली काचेवर जेमतेम फूटभर येते, पाचला अर्ध्या फुटावर, त्याखालची सगळी काच उघडी. त्यात या दिवसांत सूर्य पश्चिमेच्या 22-23 अंश उत्तरेला सरकून मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतसुद्धा संध्याकाळी तिरकं ऊन घुसतं आणि लोकांना कळत नाही की हे आलं कुठून.

(दारात फिल्मवाले भाऊ. खांद्यावर रोल, हातात स्प्रेची बाटली.)

भाऊंनी आल्या आल्या सॅम्पलची पेटी उघडली, एका बाजूला दिवा, मध्ये काच, दुसऱ्या बाजूला तुमचा हात. साध्या काचेतून चटका, फिल्मच्या काचेतून थंडगार! मजा येते बघायला, पण हा दिवा मुख्यतः इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा असतो, आणि उन्हाच्या शक्तीत इन्फ्रारेड साधारण निम्मंच, चाळीसेक टक्के तर दिसणारा प्रकाश असतो. तोही आत येऊन भिंतीवर, गादीवर पडला की उष्णताच होतो. आणि '99 टक्के यूव्ही ब्लॉक' वाचून हुरळून जाऊ नका, उन्हाच्या शक्तीत यूव्ही पाचेक टक्के, त्यानं पडद्यांचा रंग टिकेल, खोली थंड होणार नाही. दुकानात एकच आकडा विचारा, टीएसईआर किती. एकूण ऊन किती अडवलं ते त्यात येतं. पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर ती इस्त्री जवळपास निम्म्यावर आली समजा.

काळी फिल्म म्हणजे थंड फिल्म हा पण एक गैरसमज. स्वस्तातली रंगवलेली काळी फिल्म ऊन गिळते, परत पाठवत नाही, खोली अंधारी होते, दिवसा ट्यूबलाइट लावावी लागते आणि गरम ते गरमच. आरशासारखी दिसणारी असते तिच्यात धातूचा थर, ती ऊन परतवते. सिरॅमिकवाली महाग पण उजेड राहतो. आणि हो, 2012 ला सुप्रीम कोर्टानं फिल्मवर बंदी घातली होती ती गाडीच्या काचांना, घराच्या खिडकीचा तिच्याशी संबंध नाही, तरी सोसायटीला एकदा विचारा कारण बाहेरून चमकतं.

आत्यानं मधल्या प्रकारातली घेतली, थोडी चमकणारी, थोडा उजेड देणारी.

पेपर काढायलाच अर्धा तास गेला, सेलोटेपचा डिंक ब्लेडनं खरवडावा लागला. मग साबणाचं पाणी, भरपूर, काचेवर पण आणि फिल्मच्या चिकट बाजूवर पण, फिल्म ठेवली, सरकवून जागेवर आणली, वायपरनं मधून कडेला पाणी काढत गेले. पंखा बंद ठेवायला लावला, धूळ उडून आत बसते म्हणून. तर चौघंही घामानं ओले. बारीक पाण्याचे फुगे राहिले ते काही दिवसांत वाळून जातात, पण धुळीचा कण आत राहिला तर तो कायमचा पाहुणा.

दुसऱ्या दिवशी चारला आत्यानं काचेला हात लावला आणि ओरडली, "अरे हे तं तव्यावानी तापलंय, पहिल्यापेक्षा जास्त!"

तापणारच. फिल्मनं काही ऊन परत फेकलं, काही स्वतःत घेतलं, आणि ते घेतलेलं काचेतच थांबलं. त्यातलं थोडं आत येतंच, बरंचसं बाहेर जातं. म्हणूनच जाड किंवा कडेला आधीच टवका गेलेल्या काचेवर गडद फिल्म लावायला भाऊ तयार नसतात. अर्धी काच उन्हात, अर्धी छज्ज्याच्या सावलीत, मधल्या ताणानं काच तडकू शकते. आत तारेची जाळी असलेली काच असेल तर नकोच.

"आता फरशीवर पाय ठेव," मी म्हटलं. ठेवला. उचलला नाही.

पण एक लोचा आहे, आणि तो विदर्भातल्या प्रत्येक घराचा आहे. कूलर. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, म्हणून आपण समोरची खिडकी उघडी ठेवतो, आणि उघड्या खिडकीला फिल्म काय करणार? आत्याची सरकती काच अर्धी उघडली की फिल्म फिल्मवर जाऊन बसते आणि बाकी अर्ध्यातून ऊन राजासारखं आत. मग आम्ही वाट बदलली, दुपारी पश्चिम बंद, कूलरची हवा पॅसेजमधून पूर्वेच्या खिडकीनं बाहेर. आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर रात्री दोनलाही गरम होतं ते स्लॅबमुळे, त्याचा दोष खिडकीवर टाकू नका. खरं सांगायचं तर बाहेरून बांबूच्या काड्यांची चिक किंवा हिरवी नेट लावता आली तर ती जास्त चांगली, ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. तिसऱ्या मजल्यावर, वादळी वाऱ्यात, ती टिकवायची कशी हा प्रश्न.

(रात्र. आत्याच्या बेडरूममध्ये दिवा लागतो. कॅमेरा समोरच्या गच्चीवरून.)

दिवसा बाहेरून आरसा होता. आता आतला दिवा लागलाय, आणि आत्या कपड्यांच्या घड्या करताना इथून स्पष्ट दिसतेय. फोन केला. आधी दिवा बंद झाला, मग जुना पडदा सरकला, मग फोनवर आवाज, "भाऊचा उरलेला तुकडा इथंच पडलाय, बाथरूमच्या झरोक्याला लावू का?"