ठुशीच्या सोन्याखाली: निकेलविना मुलामा

(दृश्य: पितळी ठुशी, कडेला हिरवट डाग)

मुलाम्याच्या ठुशीवरचं सोनं बरेचदा 0.1 मायक्रॉनसुद्धा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) नसतं. इतक्या पातळ थराला सूक्ष्म छिद्रं असणारच. त्यातून घाम आत झिरपतो आणि वर सोनं, खाली पितळ अशी छोटी बॅटरी सुरू होते. सोनं शाबूत राहतं, झिजतं ते पितळ. हे हिरवे डाग तांब्याच्या क्षारांचे.

मधला निकेलचा थर ही वाट अडवायचा, तांब्यालाही सोन्यात शिरू द्यायचा नाही. पण घामात उतरणारं निकेल अनेकांच्या कातडीला सोसत नाही. म्हणून युरोपात त्याला आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर 0.5 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. टोचलेल्या कानात जाणाऱ्या दांडीला 0.2.

(दृश्य: प्लेटिंगच्या टाक्या)

निकेल नुसतं वगळून तांब्यावर थेट सोनं चढवलं, तर माल लवकर काळवंडतो. त्याऐवजी 10 ते 15 मायक्रॉन ॲसिड कॉपर (आम्लाच्या टाकीतून चढवलेलं तांबं), त्यावर 2 ते 3 मायक्रॉन व्हाइट ब्राँझ, मग पॅलेडियमचा पातळ थर आणि शेवटी सोनं. पॅलेडियम महाग, त्यामुळे पहिली कात्री त्यालाच लागते. इथली बचत पुढे डागांच्या रूपाने दिसते.

व्हाइट ब्राँझ म्हणजे तांबं, भरपूर कथील आणि बहुधा थोडं जस्त. त्याच्या सायनाइडच्या टाकीत मुक्त (धातूंशी न बांधलेलं) सायनाइड घटलं की तांबं जास्त बसतं. मुक्त कॉस्टिक सोडा वाढला की कथील कमी बसतं. दोन्ही वेळा थर पिवळसर येतो आणि टिकाऊपणा घटतो. नुसता करंट कमीजास्त करून हे सुटत नाही, टाकीतल्या द्रावणाचं रासायनिक पृथक्करणच करावं लागतं. आणि ॲसिडमधून काढलेला माल नीट धुतल्याशिवाय इकडे आणायचा नाही: विषारी सायनाइड वायू सुटतो.

उन्हापावसातल्या वस्तूंना मात्र हे पुरत नाही. मोटारीच्या क्रोमखाली निकेलचे दोन थर असतात. गंज वरच्या थरात आडवा पसरतो, खोल जात नाही. व्हाइट ब्राँझमध्ये ही सोय नाही.

(दृश्य: कापसाचा बोळा)

निकेल आहे का, हे डायमिथाइलग्लायॉक्झिम आणि अमोनियाच्या थेंबांनी तपासतात. बोळा गुलाबी झाला, तर निकेल आहे. पण शाबूत सोन्यावर घासून उपयोग नाही. आडबाजूला कानसीने थर खरवडून मगच बोळा फिरवावा.