हक्काची मतं

(लालबागमधल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी माझी ओळख ‘निवडणुकांचे अभ्यासक’ अशी करून दिली. कॉलेजात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं हे खरं, पण आजचा विषय, मतदार पक्ष का आणि कसा बदलतो, हा मी शिकलो तो इथून दोन गल्ल्या पलीकडे, मामाच्या खोलीत. मामा कापड गिरणीत, साचेखात्यात होता. खोलीतल्या भिंतीवर पांडुरंग आणि त्याच्या शेजारी लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, युनियनचं कॅलेंडर. 1985 च्या सुमारास ते उतरलं आणि त्याच खिळ्यावर शिवसेनेचं लागलं. पांडुरंग होता तिथेच राहिला.

मी तेव्हा नुकता एमए झालो होतो, म्हणजे डोकं पुस्तकांनी गच्च भरलेलं. मामाला म्हटलं, “अहो, तुमची वर्गजाणीव कुठे गेली?” मामा म्हणाला, “आजीला केईएम हॉस्पिटलला न्यायचं होतं तेव्हा रात्री दोन वाजता गाडी कोणी आणली, ते मामीला विचार.”

पुढाऱ्यांच्या तोंडी एक शब्द नेहमी असतो, ‘आमची हक्काची मतं’. हक्क त्यांचा आणि मतं आपली! निकाल लागला की हेच लोक ‘मतदार फिरला’ म्हणतात, जणू दूध नासलं. माझं म्हणणं असं की मतदार फिरतो तो बूथमध्ये नाही. अडीनडीला तो कोणाचं दार ठोठावतो, ते दार आधी बदललेलं असतं. मत त्याच्या मागून जातं, कधी दोन वर्षांनी, कधी दहा.

याला उत्तम पुरावा म्हणजे आपला गिरणगावच. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मुंबईने कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत पाठवलं. 1960 ला राज्य मिळालं आणि 1962 ला तेच डांगे पडले. 1967 ला पुन्हा निवडून आले. मधल्या काळात त्यांची विचारसरणी काही बदलली नव्हती. 1957 ला ज्यांनी मत दिलं त्यातले कितीतरी कम्युनिस्ट नव्हतेच, त्यांना मुंबई हवी होती. ती मिळाली, काम झालं, लोक आपापल्या घरी परतले. त्याच 1967 ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारखा काँग्रेसचा बडा नेता जॉर्ज फर्नांडिस नावाच्या तरुण कामगारपुढाऱ्याने पाडला. ‘पाटील पडू शकतात’ हे लोकांच्या मनात उतरवणं हीच त्या प्रचाराची निम्मी लढाई होती. हे पुष्कळदा विसरलं जातं. माणूस मनातून कधीच सुटलेला असतो, पण आपण एकटेच आहोत असं वाटतं म्हणून जुनं बटन दाबत राहतो. तेव्हा शिक्का होता म्हणा.

आता गिरणी संप. 18 जानेवारी 1982. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. कायद्याची एक मेख इथे लक्षात घ्या. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मालकांशी बोलणी करायचा अधिकार फक्त मान्यताप्राप्त युनियनला, म्हणजे काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगाराला तो संघ नको होता, पण युनियन बदलायला कायदा आडवा येत होता. मत बदलायला मात्र कोणी अडवू शकत नव्हतं. डिसेंबर 1984 मध्ये, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत, महाराष्ट्रातल्या 48 पैकी 43 जागा काँग्रेसने जिंकल्या. त्या लाटेत मुंबई दक्षिण मध्यमधून संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले! संप तेव्हा जवळजवळ मोडलेला होता. लोकांना ते दिसत होतं, तरी मत दिलं. याला मी निष्ठा म्हणतो, आणि ती पक्षावरची नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांतच विधानसभा झाली. शिवसेनेचा एकच आमदार आला, माझगावचे छगन भुजबळ. त्यानंतर लगेच महापालिकेची निवडणूक, आणि तीच सेना पालिकेत सत्तेवर, तेच भुजबळ महापौर! सहा महिन्यांच्या आत एकाच शहराने तीन वेळा तीन वेगळी उत्तरं दिली. मुंबई केंद्रशासित होणार या चर्चेने सेनेला हात दिला, हे खरंच आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. आपण चुकतो ते इथे की मतदाराकडे एकच मत आहे असं धरून चालतो. मामाकडे तीन होती. दिल्लीत आपलं दुखणं मांडायला डॉक्टर सामंत, नळ-गटार आणि केईएमची गाडी यासाठी सेनेची शाखा, आणि विधानसभेला... ते त्याने मला कधी सांगितलं नाही. मामीलाही नाही.

लाल बावटा का गेला, यावर मोठमोठे निबंध आहेत. जून 1970 मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीविरुद्ध सेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, तिथपासून ती गोष्ट सुरू होते. पण चाळीतून पाहिलं तर युनियनचं दार गिरणीच्या फाटकाला लागून होतं. गिरणीच बंद पडली, मग त्या दाराशी जाणार कोण? शाखा मात्र गल्लीच्या तोंडाशीच होती. बेकार झालेल्या पोराला कुठे चिकटवून द्यायचं, शाळेत ॲडमिशन, भांडण मिटवणं, सगळं तिथेच.

इथे तुमच्यातलं कोणीतरी मला अडवणार, आणि अडवायलाच हवं. कामं केली की मतं मिळतात, इतकं सोपं आहे का? नाही. राम नाईक उत्तर मुंबईतून 1989 पासून सलग पाच वेळा खासदार. लोकल गाडीच्या प्रश्नावर इतकी चिकाटी फार थोड्या खासदारांनी दाखवली. 2004 ला ते पडले, अभिनेता गोविंदाकडून. यावर हसणं सोपं आहे. मला त्याचं पुरतं उत्तर आजही सापडलेलं नाही. एवढंच म्हणेन की झालेलं काम लोक लवकर गृहीत धरतात. गाडी वेळेवर आली म्हणून कोणी स्टेशनमास्तरला पत्र लिहितं का?

आणि मतदारसंघ फिरतो तेव्हा प्रत्येक वेळी माणसंच फिरलेली असतात असंही नाही. पुष्कळदा माणसं निघून गेलेली असतात. पागडीची खोली विकून डोंबिवली, बदलापूर, विरारला गेलेल्यांची नावं इथल्या यादीतून निघाली. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, त्यातली नावं चढली. 2008 च्या पुनर्रचनेने सीमाही हलल्या. मग आपण टीव्हीवर म्हणतो, ‘गड ढासळला’. गडावरचे लोक सकाळच्या बदलापूर फास्टला लटकलेले असतात.

काही जण तर पक्ष बदलतात ते शेजारच्या खोलीत गेल्यासारखे. 2009 ला आपल्या शिवडीने सेनेतून फुटून निघालेल्या मनसेचे बाळा नांदगावकर दिले, 2014 ला सेनेचे अजय चौधरी. या मतदाराचा विचार किती बदलला? मला वाटतं, काडीचाही नाही. रागावला होता, थोरल्या घरात आपलं कोणी ऐकत नाही म्हणून धाकट्याकडे जेवला, मग परत आला. पण 2009 च्या लोकसभेत या रुसव्याची किंमत मोठी झाली. मनसेची मतं बाजूला गेली आणि मुंबईच्या सहाच्या सहा जागा काँग्रेस आघाडीला गेल्या. 2014 ला सहाच्या सहा उलट्या.

आता अलीकडचं. जून 2022 मध्ये सेना फुटली. फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. मधल्या काळात अंधेरी पूर्वेची पोटनिवडणूक झाली. ठाकरे गटाच्या ऋतुजा लटके मशाल या नव्या निशाणीवर निवडून आल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर ‘नोटा’, 12 हजारांहून अधिक मतं. म्हणजे एवढी माणसं घरातून उठली, रांगेत उभी राहिली, शाई लावून घेतली आणि ‘कोणीच नको’ म्हणाली. पक्ष सोडण्याच्या वाटेवर हे एक मधलं स्टेशन आहे. दुसरं म्हणजे मतदानाच्या दिवशी गावाला जाणं, त्यात मुंबईकर फार वाकबगार.

2024 च्या लोकसभेत मुंबईच्या सहापैकी चार जागा महाविकास आघाडीला. सहा महिन्यांनी विधानसभेच्या 36 पैकी 22 महायुतीला. याचं सगळं श्रेय लाडक्या बहिणीच्या दीड हजाराला देणारे मला आळशी वाटतात. पण ते पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात आले, त्यासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागला नाही, हे ज्यांना क्षुल्लक वाटतं त्यांनी प्रचाराला न गेलेलंच बरं. त्याच वर्षी मुंबईतल्या अनेक मुस्लिम वस्त्यांनी मशालीला मत दिलं. 1992-93 च्या दंगलींची आठवण पुसली गेली होती का? अजिबात नाही. समोरचा कोण, यावर आपला कोण हे ठरलं. आणि मुंबई वायव्यला निकाल लागला 48 मतांनी. आमच्या चाळीच्या एका मजल्यावर याहून जास्त मतदार होते.

20 मे 2024. मामा आता नाही. मामी ऐंशीच्या पुढची. तिला मी मतदानाला घेऊन गेलो. मशीनवर धनुष्यबाण होता आणि मशालही होती. आयुष्यात मी कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी परतताना विचारलं. ती म्हणाली, “मशाल. मी काय बदलणार? निशाणी त्यांची बदलली.” जिन्यात शेजारचे काका भेटले, मामाबरोबर एकाच खात्यात होते, दोघं मिळून शाखेत बसायचे. ते म्हणाले, “मी धनुष्यबाणच दाबला बाबा. आता या वयात कोण पक्ष बदलणार?”

माझ्या वहीत दोन रकाने आहेत, ‘कायम’ आणि ‘बदलला’. त्या दिवशी रात्री ती उघडून बसलो होतो.