तारा राहू द्या

नमस्कार श्रोतेहो.

रविवारी सकाळी साडेसहाला नागपूरच्या महाल भागातल्या गांधी गेटसमोर जाऊन बघा. कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळलेला एखादा तरुण तिथे दिसेलच. हा ऑटो जाऊ दे, ती दुधाची गाडी जाऊ दे, मग घेऊ. परवा अशाच एकाला शेजारच्या चहावाल्या काकांनी हटकलं, "काहून थांबले भाऊ?" तो म्हणाला, "काका, नुसता दरवाजा पाहिजे." काका म्हणाले, "नुसता दरवाजा तर भोसल्यांच्या राज्यातही भेटला नसता जी!"

मला आज जे सांगायचं आहे, ते काकांनी एका वाक्यात उरकून टाकलं.

या दरवाजाचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. जवळचा तलाव जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून कोणी त्याला शुक्रवारी तलाव म्हणतं, आणि पाटीवर गांधीसागर. एकाच पाण्याला तीन नावं, तिन्ही चालू. असल्या जागेचा फोटो काढताना आपण आधी काय करतो, तर विजेच्या तारा कापतो, वाढदिवसाचे फ्लेक्स टाळतो, स्कूटर हलवायला सांगतो. आता तर मोबाइलवर बोट फिरवलं की तार गायब. माझं म्हणणं आहे, राहू द्या त्या तारा. दगड आज आहे तसाच वीस वर्षांनीही दिसेल. बदलणार आहे तो ऑटो, ती दुकानाची पाटी, खांबावरचा केबलचा गुंता. आजच्या दिवसाची खूण तीच, आणि तीच आपण पुसून टाकतो.

माझ्या मामांचं उदाहरण सांगतो. एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी 1877 साली नागपुरात सुरू केली. मामांची सगळी नोकरी तिथेच झाली. भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा फाटकातून बाहेर पडायचा, डबे हँडलला खुळखुळायचे, हे सगळं मी आईच्या तोंडून ऐकलेलं. घरात मामांचा फोटो एकच आहे, स्टुडिओतला. मागे रंगवलेला तलाव, तलावात हंस, आणि मामा उसना कोट घालून ताठ बसलेले. ज्या माणसाचे केस सुटीच्या दिवशीसुद्धा कापसाच्या तंतूंनी पांढरे असायचे, त्याच्यामागे हंस! गिरणी बंद पडली, त्या जागी मॉल उभा राहिला. मामा फाटकातून बाहेर पडतानाचा एक फोटो असता, अगदी हललेला, धुरकट, तरी मी तो हंसांच्या जागी लावला असता.

आता मारबतीकडे येऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतींची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठाल्या पुतळ्यांची, ही मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. त्या दिवशी इतवारीत माणसांपेक्षा वर केलेले मोबाइलच जास्त, आणि फोटो सगळ्यांचे सारखे. मारबतीचं तोंड, मागे आभाळ. मी सांगेन, बडग्यांकडे, म्हणजे सोबतच्या पुरुषी पुतळ्यांकडे वळा. त्यांच्या गळ्यातल्या पाट्या वाचता येतील असा फोटो घ्या. कधी महागाई, कधी खड्डे, कधी नेतेमंडळी. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक त्या वर्षीचा राग पुठ्ठ्यावर लिहून काढतात. एरवी तो कुठे लिहून ठेवलेला असतो?

त्याच दिवसांत चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत शिरा. मारबत प्रतिपदेला, गणपती चतुर्थीला. मधल्या दिवसांत मूर्तिकारांना जेवायला सवड नसते. पावसाला अडवायला ताडपत्री, ओल्या सोंडा वाळवायला दिवे, आणि मूर्तींच्या रांगेत कोपऱ्यात झोपलेलं पोरगं. इथे आधी विचारायचं. "काढू का जी एक?" एवढं पुरतं. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. हो म्हणाले तरी "दादा, जरा इकडे बघून हसा" असं काही करायचं नाही; हातात रंगाचा ब्रश आहे, बाप्पाचा डोळा उघडायचा आहे.

उजेडाचं फार सांगत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे नऊ वाजले की खेळ संपला. गल्लीचा अर्धा भाग पांढराफटक, अर्धा काळाठिक्कर, आणि तुमच्या डोक्याला रुमाल नसेल तर तुम्हीही संपलात. हिवाळ्यातली सकाळ सोन्यासारखी, पण त्यासाठी उठावं लागतं.

काही वर्षांपूर्वी चितार ओळीतल्या एका मूर्तिकाराचा असाच फोटो काढला होता. गेल्या वर्षी छापून त्यांना नेऊन दिला. पाठीमागे भिंतीवर खडूने भाव लिहिलेली एक पाटी आली होती, ती कापावी असं मला छापताना दहादा वाटलं होतं. त्यांनी फोटो हातात घेतला, स्वतःकडे पाहिलंच नाही. चष्मा वर करून पाटी वाचली आणि आत हाक मारली, "अवो, इकडे या! एका फुटाच्या गणपतीचे आपण एवढेच घेत होतो!" काकू पिठाचे हात घेऊनच बाहेर आल्या. कोणत्या वर्षीचा, त्यांनी मला विचारलं. मी मागे तारीख लिहिली नव्हती, मान खाली घातली. मग त्या दोघांचाच वाद सुरू झाला. हा भाव थोरलीच्या लग्नाच्या वर्षीचा, नाही, लग्नात तर पन्नास रुपये वाढवले होते, मग त्याच्या आदल्या वर्षीचा. शेवटी काकूंचं खरं ठरलं. काकांनी कानावरची पेन्सिल काढली, फोटो उलटा केला आणि साल लिहून टाकलं.

नमस्कार.